दम्याच्या पोराला घेऊन दुबईला कधी जावं?

प्रश्न: शहापूरची आई, बेळगाव
मिस्टर दुबईत नोकरीला आहेत, आता आम्हालाही या म्हणतात. मुलगा सहा वर्षांचा, बाळदमा आहे. इथं पावसाची झड लागून भिंतींना ओल आली की त्याची छाती वाजायला लागते, रात्री-अपरात्री पंप द्यावा लागतो. सासूबाई म्हणतात, तिकडची कोरडी हवा पोराला मानवेल. मी मोबाइलवर तिथल्या हवेचा आकडा बघते तर कधी हिरवा, कधी लाल. ऑगस्टमध्ये न्यावं का? तिथं राहिलेल्या कुणीतरी सांगा.

उत्तर: नंदगडकर
वैनी, मी खानापूर तालुक्यातला, दुबईत एसीचं काम करतो. ऑगस्टमध्ये आणू नका. कोरडी हवा आतल्या वाळवंटात, दुबई समुद्राला लागून आहे. ऑगस्टात आखाताचं पाणीच ३० अंशांच्या वर असतं, मग समुद्रावरचा वारासुद्धा गार कुठला, नुसता दमट. दिवसा पारा ४० च्या पुढं, रात्री ३० च्या आसपास. उघड्यावरच्या कामगारांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम बंद, असा इथला सरकारी नियमच आहे. पोरगं दिवसभर एसीत कोंडून बसणार आणि दार उघडलं की भट्टी.

पण दम्याच्या पोरासाठी मी उन्हापेक्षा वाऱ्याला जास्त भितो. शमाल म्हणतात त्याला. वायव्येकडून येतो, इराक-कुवेतकडची धूळ घेऊन, जून-जुलैत फार जोर. धुऊन बसवलेला फिल्टर शमालनंतर काढला तर जाळीची भोकं दिसत नाहीत. बोट फिरवलं की मैद्यासारखी बारीक, फिकट तपकिरी धूळ हाताला लागते. जाड वाळू नाकात तरी अडकते, ही थेट छातीत उतरते. आपल्याकडं मिरगाचा पाऊस पडला की धूळ बसते. इथं अख्ख्या वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास, बेळगावात जुलैच्या एखाद्या आठवड्यात तेवढा सहज पडतो. १६ एप्रिल २०२४ ला दुबई बुडाली तसला पाऊस क्वचितच. त्यामुळं एकदा उठलेली धूळ धुऊन काढायला काही नाही, वारा पडेपर्यंत ती हवेतच.

नोव्हेंबरात आणा. दिवसा तिशीच्या आसपास, रात्री विशीच्या. संध्याकाळी पोरगं बागेत खेळू शकतं.

उत्तर: निपाणीची लेक
नोव्हेंबर बरोबर, पण ताई, थंडीतही गाफील राहू नका. मी शारजात राहते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं, वारा पडलेला, गाड्यांचा धूर खालीच साचतो. माझ्या लेकीला खोकला तेव्हाच जास्त. मोबाइलवर नुसता रंग बघू नका, दोन आकडे वेगळे बघा. पीएम म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण, १० म्हणजे जरा मोठे, २.५ म्हणजे अगदी बारीक. धुळीच्या दिवसांत पीएम १० चढतो, धुराच्या दिवसांत पीएम २.५. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा पीएम १० साठी ४५ आणि पीएम २.५ साठी १५ मायक्रोग्रॅम (एका घनमीटर हवेत) आहे. इथं ती ओलांडलेले दिवस पुष्कळ असतात, त्या दिवशी मैदानावर पाठवू नका. भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तोवर त्याला काय बाधतं ते कळेल.

प्रश्नकर्ती
दादा, ताई, फार आधार वाटला. मग ऑगस्ट नकोच. एसी सतत चालू असला तर बाधेल का?

उत्तर: नंदगडकर
२४-२५ वर ठेवा, झोत पलंगावर नको. उन्हाळ्यात फिल्टर दर पंधरवड्याला धुवा, शमाल येऊन गेला की लगेच. धुतलेला पुरता वाळवूनच बसवा. ओला बसवला तर बुरशी धरते, म्हणजे तुमच्या भिंतीची ओल इथंही आलीच की. शमालच्या दिवशी दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल तर इथं बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका. त्यांची चिठ्ठी, पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका.