मिठाच्या डब्यावर "फ्लोराइड" लिहिलंय. वापरू की फेकू?

पैनगंगाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न मिठाचा आहे, पण आधी दातांचं सांगते.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्याही पुढे. माझे वरचे पुढचे चार दात तपकिरी आहेत, मधे खडूसारखे पांढरे पट्टे. नागपूरला होस्टेलवर राहायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं, "तू खर्रा खातेस का गं?" लग्नाच्या अल्बममधे मी एकाही फोटोत दात दाखवून हसलेली नाही. गावात माझ्या वयाच्या निम्म्या पोरांचे दात असेच. आम्ही चौथीत असताना शाळेजवळच्या बोरिंगला कोणीतरी येऊन लाल रंग मारून गेलं. का मारला ते कोणी सांगितलं नाही, म्हणून पाणी तिथूनच येत राहिलं. पुढे कळलं की ते फ्लोराइडचं होतं.

आता मी जर्मनीत, श्टुटगार्टला असते. मुलगी अडीच वर्षांची. परवा वरणात मीठ घालताना डबा सहज फिरवून पाहिला (अर्ध्या किलोचा पुठ्ठ्याचा डबा, वर पत्र्याची छोटी चोच), तर लिहिलेलं: योडझाल्त्स मिट फ्लुओरिड, म्हणजे फ्लोराइड असलेलं आयोडीनचं मीठ. मुद्दाम घातलंय! नवऱ्याने आणलेला डबा, अर्धा संपलेला. तो कोल्हापूरचा, त्याचे दात पांढरेशुभ्र, त्याला यात घाबरण्यासारखं काय ते कळतच नाही.

मला विचारायचंय ते असं. हे मीठ मुलीला चालेल का? इथल्या नळाच्या पाण्यातही घालतात का? पाणी उकळलं तर जातं का? एक काका म्हणाले, भारतातल्या पुडीच्या मिठातही असतंच, फक्त लिहीत नाहीत. खरं आहे का? आणि आई म्हणते, सैंधव पाठवते इकडून. पाठवू देऊ का?

तुरटी आणि चुना

ताई, मी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालो, विदर्भातच. तुमच्या भागाचे नमुने हाताखालून बरेच गेले आहेत.

काकांना सांगा, आपल्या पुडीच्या मिठात आयोडीन घालतात, फ्लोराइड नाही. नियमाप्रमाणे दुकानात पोचेपर्यंत मिठात निदान १५ पीपीएम (म्हणजे किलोला १५ मिलीग्रॅम) आयोडीन राहिलं पाहिजे. दोन्ही नावं कानाला सारखी लागतात, म्हणून हा घोळ नेहमीचा. आयोडीन गलगंडासाठी, फ्लोराइड दातांच्या किडीसाठी.

जर्मनीच्या मिठात मात्र ते खरंच घालतात, १९९१ पासून. एका किलोला साधारण २५० मिलीग्रॅम. आता हिशेब करा. तुमच्या मुलीच्या पोटात घरच्या स्वयंपाकातून दिवसाला एक ग्रॅम मीठ गेलं, तर फ्लोराइड गेलं पाव मिलीग्रॅम. तुम्ही लहानपणी ज्या बोरिंगचं पाणी प्यायलात त्यात एका लिटरला समजा ४ मिलीग्रॅम असेल, तर उन्हाळ्यात दीड लिटर पाणी पिणाऱ्या पोराच्या पोटात रोज ६ मिलीग्रॅम. चोवीस पट. नाव एकच असलं म्हणून गोष्ट एकच नाही.

उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. कँडलच्या फिल्टरने नाही, यूव्हीनेही नाही. आरओने जातं. तुरटी आणि चुन्यानेही जातं. ती नलगोंडा पद्धत, नाव तेलंगणातल्या जिल्ह्याचं पण जन्म आमच्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतला. मात्र तुरटी अंदाजाने टाकायची नसते, पाण्याच्या तपासणीवरून मात्रा ठरते.

सैंधवाचं म्हणाल तर ते पाठवू नका म्हणा. त्यात आयोडीन नाही, आणि काळ्या मिठात तर फ्लोराइडच बरंच निघतं. आपल्याकडे फ्लोरोसिसच्या (फ्लोराइड जास्त झाल्याने दातांना-हाडांना होणाऱ्या आजाराच्या) रुग्णाला काय टाळायचं ते सांगतात, त्यात काळं मीठ असतंच. कोरा काळा चहाही असतो.

आता मी एक विचारतो. तुमची आई आज कोणतं पाणी वापरते?

निसर्गाकडे_चला

फ्लोराइड हे विष आहे, झुरळं मारायच्या औषधात घालायचे. मी १० वर्षं फक्त सैंधव खातो, पेस्ट बंद, राखुंडी वापरतो. एकही दात किडला नाही. बाकी तुमची मर्जी.

झुरिकची सुगरण

निसर्गदादा, तुमचे दात चांगले आहेत याचा आनंदच आहे, पण प्रमाणाचा मुद्दा वर झाला आहे.

पैनगंगाकाठची, मी झुरिकला १४ वर्षं आहे, दोन मुलं इथेच झाली. इकडे स्वित्झर्लंडमधे मिठात आयोडीन १९२२ पासून आणि फ्लोराइड १९५५ पासून, फ्लोराइडची सुरुवात याच झुरिक कँटनमधून (म्हणजे इथल्या राज्यातून). दुकानात साधं मीठही मिळतं, नको त्याने ते घ्यावं, जबरदस्ती नाही. नळात घालत नाहीत. बाझेल शहर आधी घालत असे, १९६२ पासून, तेही २००३ मधे बंद केलं. तुमच्या जर्मनीतही नळात घालत नाहीत, आणि विकतच्या ब्रेडमधे हे मीठ नसतं. म्हणजे प्रश्न फक्त तुमच्या वरणभाताचा.

मिठापेक्षा पेस्टकडे लक्ष द्या. लहान मुलांना पेस्ट गोड लागते आणि ती गिळतात. माझा मोठा स्ट्रॉबेरीची पेस्ट ट्यूब पिळून खाताना पकडला होता, खुर्चीवर चढून! अडीच वर्षांना वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा, ट्यूब वरच्या कपाटात. आणि बाळपणी डॉक्टरांनी डी जीवनसत्त्वाची फ्लोराइडवाली गोळी दिली असेल आणि ती अजून चालू असेल, तर त्यांना विचारून घ्या, गोळी आणि पेस्ट दोन्ही एकदम नको असतात.

दातावर डाग पडतात ते दात हिरडीच्या आत तयार होत असताना, साधारण आठ वर्षांपर्यंत. म्हणून आता काळजी मुलीची करा, स्वतःची नको. आणि हसा हो फोटोत.

पैनगंगाकाठची

सगळ्यांचे आभार. डबा फेकलेला नाही. पेस्टची ट्यूब वर ठेवली. गोळी पहिल्या वाढदिवसानंतरच बंद झालेली.

@तुरटी आणि चुना, तुमच्या प्रश्नाने झोप उडाली. मला वाटत होतं आईचं सुटलंय, कारण दोन वर्षांपासून घरी आरओच्या पाण्याचा वीस लिटरचा जार येतो. काल फोनवर नीट खोदून विचारलं. जारचं पाणी फक्त प्यायला. स्वयंपाक, चहा, सगळं बोरिंगच्या पाण्यात! अंगणात विहीर आहे, तिला पाणी आहे, पण आई ते भांड्यांना वापरते. का, तर तिचे शब्द जसेच्या तसे:

"विहिरीच्या पाण्यात दाय टणकच रायते बाई. बोरिंगच्या पाण्यात कशी लोण्यावानी शिजते. आन् मले काई नाई झालं आजलोक."

काही नाही झालं म्हणते, पण सकाळी उठल्यावर मान वळवायला तिला भिंतीचा आधार लागतो. गुडघ्यांचं तर विचारूच नका. आम्ही वय समजत होतो.

तुरटी आणि चुना

ताई, तुमच्या आईचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, आणि खरी गोम तिथेच आहे.

डाळ लवकर कोणत्या पाण्यात शिजते? ज्यात कॅल्शियम कमी आणि खाण्याच्या सोड्याचा अंश जास्त. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींच्या भिंतींत बसतं आणि डाळ टणक राहते. आता खडकातलं फ्लोराइड पाण्यात कधी उतरतं? पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं, फार उतरू देत नाही. कॅल्शियम कमी आणि पाणी सोड्याकडे झुकणारं असलं की उतरतं. म्हणजे ज्या गुणाने डाळ लोण्यासारखी होते त्याच गुणाने फ्लोराइड वाढतं. गावोगावी बायका मला सांगायच्या, "साहेब, याच बोरिंगचं पाणी गोड आहे, डाळ छान शिजते," आणि बहुतेक वेळा नमुन्यात तेच बोरिंग सापडायचं. पण डाळ शिजते म्हणजे फ्लोराइड आहेच असं उलटं धरू नका. तपासावंच लागतं.

आणि भातात पाणी सगळं मुरतं, वरणात आटतं, फ्लोराइड कुठेही जात नाही. जार पिऊन निम्मंच काम झालं.

बोरिंग आणि विहीर, दोन्हींचे नमुने घ्या. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली, काचेची नको. त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या. गावात तपासणीचं किट असेल तर आधी त्यात बघा, औषध टाकल्यावरचा गुलाबी रंग जितका पिवळ्याकडे जाईल तितकं फ्लोराइड जास्त. मर्यादा लिटरला १ मिलीग्रॅम, दुसरा झराच नसेल तर १.५ पर्यंत.

मानेचं आणि गुडघ्याचं कारण मी सांगू शकत नाही, वयाचंही असू शकतं. हाडांच्या डॉक्टरांना पाण्याचा आकडा मात्र नक्की सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. दूध, दही, तरोट्याची भाजी, कॅल्शियमचं काहीही जेवणात असू द्या.

पैनगंगाकाठची (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढते. भावाने बाटल्या यवतमाळला नेऊन दिल्या. बोरिंग ३.४. विहीर ०.७.

०.७! त्या विहिरीचं पाणी आम्ही जन्मभर म्हशीला पाजलं.

आईला हा आकडा सांगून काही उपयोग झाला नाही. मग मी म्हटलं, नातीला दिवाळीत घेऊन येते, तर तुझ्या हातचं वरण तिला चारू का नको ते तूच सांग. दुसऱ्या दिवशी भावाने विहिरीवर मोटर बसवली. विहीर उघडी आहे, त्यामुळे पाणी गाळून, उकळून वापरायचं ठरलंय, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा नमुना देणार आहोत. डाळ रात्रीच भिजत घालते आता, तरी दोन शिट्ट्या जास्त लागतात म्हणते. कालच्या फोनवर शेवटचं वाक्य तेच होतं: "सिलिंडर लवकर सरते आता, त्याचे पैसे तू पाठवजो."