सोयाबीन आत्ता घेऊन गोदामात ठेवायचं का लगेच तेलाच्या प्लांटला फिरवायचं? अमेरिकेतले एलेव्हेटरवाले कसं करतात?

मंगरुळपीर_खरेदी | १२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. वाशिम जिल्ह्यात आमची शेतकरी कंपनी आहे, मी तिथं खरेदीचं काम पाहतो. पाचशे टनाचं गोदाम आहे, क्लिनर-ग्रेडर बसवलाय, वजनकाटा आहे. सोयाबीनची मळणी जोरात सुरू झालीये आणि दिवाळी आठ दिवसांवर, त्यामुळं जो तो माल घेऊन येतोय, पैसा हातात पाहिजे म्हणून. माल ओला आहे, सप्टेंबरच्या पावसानं डागी (डाग पडलेला दाणा) पण भरपूर. आमच्याकडे बऱ्या मालाला क्विंटलला ४१०० च्या आसपास चाललंय आणि २०२५-२६ चा हमीभाव ५३२८. मग आमचे संचालक म्हणतात, एवढा सस्ता माल परत भेटणार नाही, गोदाम भरून घ्या, फेब्रुवारीत ४८००-५००० ला काढू, सभासदांना बोनस देऊ.

मला भीती वाटून राहिली. पाच हजार क्विंटल म्हणजे दोन कोटीच्या वरचा माल झाला, आणि ३०० रुपयानं जरी भाव पडला तरी १५ लाख गेले, ते पैसे सभासदांचेच आहेत. यूट्यूबवर अमेरिकेतले ते मोठमोठे एलेव्हेटर (शेतकऱ्याचा माल घेऊन साठवणारी केंद्रं) पाहतो, महिन्या-दीड महिन्यात अख्ख्या तालुक्याचा माल घेऊन सायलोत भरतात, ते लोक कसे बुडत नाहीत? त्यांच्या पद्धतीतलं आपल्याला काही घेता येईल का? आणि दुसरं, हवेची (म्हणजे दाण्यातल्या ओलाव्याची) कटती केली की शेतकरी भांडतात, त्याचा काही सरळ हिशोब आहे का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

---

अकोल्याचा_पण_मुंबईत

चांगला प्रश्न विचारलात. मी कमोडिटीच्या कामात आहे, थोडं लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट, एलेव्हेटरवाला भाव वाढेल म्हणून माल घेतच नाही. तिथं भाव सांगायची पद्धतच वेगळी आहे. समजा शिकागोच्या वायद्यात (पुढच्या महिन्यांच्या मालाचे सौदे आज होतात तो बाजार) नोव्हेंबरचं सोयाबीन १०.२० डॉलर बुशेल चालू आहे आणि एलेव्हेटर शेतकऱ्याला ९.६० देतो, तर ते म्हणतात आमचा बेसिस ६० सेंट खाली आहे. हा जो हजर आणि वायद्यातला फरक, त्यावर त्यांचा सगळा धंदा. शेतकऱ्याचा ट्रक रिकामा होतो त्याच दिवशी ते तेवढाच माल वायद्यात विकून टाकतात. मग भाव एक डॉलरनं पडला तर गोदामातल्या मालात डॉलर गेला पण वायद्यात डॉलर आला, बरोबरी. पुढं मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी माल आणायचा बंद होतो, प्रोसेसर आणि बंदरवाले माल मागायला लागतात, बेसिस ६० वरून २५ सेंट खाली एवढाच राहतो, तेव्हा ते माल विकून वायदा सोडवून घेतात. मधले ३५ सेंट त्यांचे. भाव कुठं गेला याच्याशी त्यांना फार घेणंदेणं नसतं.

ठेवायचं का नाही हेसुद्धा ते वायद्यावरूनच ठरवतात. मार्चचा वायदा नोव्हेंबरपेक्षा एवढा वर असेल की व्याज आणि साठवणूक निघते, तर ठेवायचं. उलट जवळचा वायदाच महाग असेल तर बाजार सांगतोय की माल आत्ता पाहिजे, मग लगेच काढायचा.

(तिथला बुशेल सोयाबीनला २७.२ किलोचा, म्हणजे क्विंटलमध्ये ३.६७ बुशेल. १० डॉलरचा भाव ८८ च्या डॉलरनं आपल्या भाषेत ३२३० रुपये क्विंटल होतो, म्हणजे आपलं ४१०० चं सोयाबीन जगाच्या मानानं सस्तं नाहीये. हे संचालकांना जरूर सांगा.)

धोका त्यांनाही आहे. २००८ मध्ये भाव असे भडकले की वायद्यात विकलेल्या मालावर मार्जिन (बाजारात भरावी लागणारी अनामत) भरता भरता एलेव्हेटरवाल्यांची बँकेची लिमिट संपली, कित्येकांनी शेतकऱ्याशी पुढच्या महिन्यांचे सौदे करणंच थांबवलं होतं. २०२२ आणि २०२३ च्या हंगामात मिसिसिपी नदीचं पाणी उतरलं, बार्ज (मालवाहू बोटी) पूर्ण भरून चालेनात, आणि नदीकाठच्या एलेव्हेटरचा बेसिस ऐन सुगीत कोसळला. २०२५ मध्ये ऑक्टोबरपर्यंत चीननं नव्या हंगामाचा माल घेतलाच नव्हता तर नॉर्थ डकोटावाले अडचणीत आले, त्यांचा माल पश्चिमेच्या बंदरातून चीनलाच जायचा. म्हणजे वायद्यानं भावाचा धोका जातो, बेसिसचा राहतो.

आता आपलं दुखणं. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीन, हरभरा, मोहरीसकट सात शेतमालांचे वायदे बंद केले, ती बंदी वाढवत वाढवत मार्च २०२६ पर्यंत नेली. तुरीचा वायदा तर २००७ पासूनच नाही. तुमच्या भागात हळदीचा चालू आहे. म्हणजे सोयाबीन घेऊन ठेवलं की तुम्ही उघडे, भाव पडला तर भरून काढायला वायद्याचा बाजारच नाही. म्हणून मी म्हणेन, अमेरिकेतल्यासारखं पाच हजार क्विंटल भरून ठेवणं आपल्या फार्मर कंपनीच्या अंगावरचं काम नाही. तिथले बरेच एलेव्हेटर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचेच आहेत बरं का, पण त्यांच्यामागं वायदा उभा आहे.

---

अडतदुकान_कारंजा

मंगरुळपीरवाले भाऊ, आमची अडत वडिलांच्या काळापासून हाय, म्हनून जे पाह्यलं ते सांगतो.

तुमच्या संचालकाईच्या डोक्यात २०२१ बसलं हाय. त्या साली ऑगस्टात वाशिम-अकोल्यात सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं, मंग सरकारनं १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आनाची परवानगी देल्ली आन् दसऱ्या-दिवाळीले नवा माल आला तं भाव पाच हजारावर. त्या दिवाळीत ज्यानं घेऊन ठेवलं त्याले मार्चात सात हजार भेटले. तवापासून सारे ठेवाले लागले नं भाऊ. २०२३ च्या दिवाळीत पाच हजाराच्या घरात होतं, फेब्रुवारीत ४३०० वर आलं. २०२४ ले ४२०० च्या आसपास ठेवलेलं फेब्रुवारीत चार हजाराच्या खाली विकाव लागलं. गोदामाचं भाडंही निघालं नाही, घरातून भरलं लोकाईनं.

आता ४१०० ले घेतलं तं फेब्रुवारीत किती पाह्यजे हे आदी कागदावर मांडा. बँकेचं व्याज वरसाले १२ टक्के धरलं तं महिन्याले ४१ रुपये, चार महिन्याचे १६४. भाडं, विमा, औषध मिळून महिन्याले दहा-बारा धरा, ते ४५ झाले. चढवा-उतरवाची हमाली, बारदाना ३० धरा. सुकून अन् सांडून एक टक्का तूट, ते ४१. म्हंजे २८० रुपये. ४३८० च्या खाली विकलं तं तोटा, अन् हे फक्त बरोबरीले.

आता भाव वाढन कुठून ते पाहा. प्लांटवाला सोयाबीन तेलासाठी घेते असं लोकाईले वाटते, पन एका क्विंटलात तेल निंगते १८ किलो, बाकी ८०-८२ किलो ढेप. सप्टेंबर २०२४ मंदी कच्च्या खाद्यतेलावरची आयात ड्युटी ५.५ वरून २७.५ केली, तेल महाग झालं, पन सोयाबीन हाललं नाही. काऊन? तं मका अन् तांदळाच्या इथेनॉलची डीडीजीएस पेंड बाजारात आली, कोंबडीखाद्यवाले तिकडं वळले अन् सोयाढेपीचा भाव बसला. मंग मे २०२५ मंदी ड्युटी परत १६.५ वर आनली. अन् फेब्रुवारी-मार्चात ब्राझीलचा माल निंगते, जगातलं सगळ्यात मोठं पीक ते. तुमचे संचालक ज्या महिन्यात विकाचं म्हनून रायले त्याच महिन्यात ब्राझील विकाले येते.

रोज सकाळी शेजारच्या बाजार समितीचा भाव पाहाच्या आदी प्लांटले फोन करून ढेपीचा भाव विचारत जा. मी तसंच करतो.

---

मंगरुळपीर_खरेदी

काकाजी, हा २८० चा हिशोब मी आजच संचालकांच्या ग्रुपवर टाकला, दोघा-तिघांचे फोन आले. मुंबईवाले भाऊ, तुमचंही समजलं. पण मग एकच शंका राहते, अजिबात न ठेवता कंपनी चालवायची म्हटलं तर आमची मिळकत कशात? अडत्यासारखी अडत आम्हाला घ्यायची नाही. आणि हवेचं कोणीतरी सांगा प्लीज.

---

गोदाम_ग्रेडर

हवेचं मी सांगतो, माझं रोजचं काम आहे. आणि तुमच्या मिळकतीचं उत्तरही त्यातच आहे.

सोयाबीन १५ हवेचं आलं आणि तुम्ही ते १२ वर आणलं तर १०० किलोचे ९६.५९ किलो राहतात. हिशोब असा, कोरडा भाग ८५ किलो, तो ८८ टक्के धरायचा, ८५ भागिले ८८. १८ हवेचं असेल तर ८२ भागिले ८८, म्हणजे ९३.१८, जवळपास ७ किलो पाणीच उडून गेलं. म्हणून एका टक्क्याला एक किलो कटती ही शेतकऱ्यावर अन्याय नाही, खरं पाणी त्याहून थोडं जास्तच असतं. कोणी टक्क्याला दोन किलो कापत असेल तर मात्र ते चूक आहे आणि आमच्या भागात ते सर्रास चालतं, विशेषतः गावात येऊन घेणाऱ्याकडं, मीटर न लावता मुठीत दाबून आणि दातानं फोडून हवा सांगतात. तुम्ही हा तक्ता मोठ्या अक्षरात काट्याच्या खोलीबाहेर लावा, मीटर शेतकऱ्यासमोर लावा, नमुना पोत्याच्या वरून न घेता परखीनं तीन-चार ठिकाणाहून काढा. भांडणं कमी होतील, माल वाढेल.

प्लांटची अट बहुतेक १०-२-२ असते, हवा १०, काडीकचरा २, डागी २. नाफेडची एफएक्यू (हमीभावानं घ्यायच्या मालाची प्रत) १२ हवेची, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ती १५ पर्यंत सवलत म्हणून दिली होती, पण त्या भरवशावर राहू नका. तुमच्याकडं क्लिनर-ग्रेडर आहे ना, तर शेतकऱ्याचा १४-४-५ असा माल घ्यायचा, अंगणात वाळवायचा, चाळणी मारायची, डागी वेगळी करायची, एकसारख्या मालाचा लॉट बांधायचा आणि ट्रक भरला की प्लांटला रवाना. कमी हवेच्या मालात थोडा जास्त हवेचा मिसळून अटीत बसवता येतो, पण दोन्हींत फरक फार नको, १६ चा आणि ९ चा एकत्र केला तर ओला दाणा तसाच ओला राहतो आणि तिथूनच बुरशी धरते. अमेरिकेतल्या एलेव्हेटरचीही बरीच कमाई अशीच आहे, वाळवणीची फी आणि मिसळणी.

आणि एक कळकळीनं सांगतो. १२ च्या वरचा माल थप्पीला लावू नका. एका खासगी गोदामात मी असताना १४-१५ हवेचा माल घाईघाईत भिंतीला चिकटवून लावला होता, खाली लाकडी फळ्या नाहीत, थप्प्यांमध्ये जायला गल्ली नाही. डिसेंबरात मधली पोती हाताला गरम लागायला लागली, दाणा तपकिरी, तेलात आम्लता वाढलेली, प्लांटनं गाडीच परत केली. सोयाबीन हे तेलाचं बी आहे, गहू-ज्वारीसारखं दम धरत नाही. यंदाचा पाऊस लागलेला डागी माल तर अजिबात ठेवू नका, तो आला तसा काढा.

---

मूर्तिजापूरची_शेतकरीण

मी खरेदीवाली नाही, घरची शेती आहे, पण एक बाजू सांगावीशी वाटते. आम्ही दिवाळीला माल विकतो तो भाव कळत नाही म्हणून नाही विकत. मळणीवाल्याचे पैसे, मजुरांचे पैसे, दुकानातली खताची उधारी, हरभऱ्याचं बियाणं, सगळं एकाच आठवड्यात दारात येतं. कंपनीनं आमच्या वतीनं धोका घ्यावा असं आम्ही म्हणत नाही दादा, आम्हाला ठेवायची सोय द्या. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, बाजार समितीत माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, ६ टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. आमच्या घरी तुरीला दोनदा वापरली, काम होतं. पण गावापासून समितीपर्यंतचं भाडं आणि तिथं जागा शिल्लक नसणं हीच अडचण. तुमचं गोदाम गावाजवळ असेल तर तीच सोय तुम्ही का करत नाही? ज्याला विकायचं तो विकेल, ज्याला थांबायचं तो थांबेल, माल त्याचाच राहील. आणि ज्याचा घेतला त्याचे पैसे त्याच दिवशी द्या, यंदा गावागावात पैसे थकवणारे फिरतायत.

---

अकोल्याचा_पण_मुंबईत

ताईंनी नेमकं सांगितलं. मंगरुळपीरवाले, तुमचं गोदाम डब्ल्यूडीआरएकडे (केंद्राचं गोदाम नियामक प्राधिकरण) नोंदवलेलं आहे का? नसेल तर नोंदणीला लागा. मग शेतकऱ्याच्या नावानं इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती निघते, ती बँकेत तारण ठेवून कर्ज मिळतं. तुम्हाला भाडं, ग्रेडिंगची फी आणि हाताळणी मिळते, भावाचा धोका ज्याचा माल त्याच्याकडं. त्याला दिवाळीपुरता पैसा मिळाला आणि वाढलाच भाव तर त्याचाच फायदा. नोंदणीला वेळ लागतो, यंदाच्या सोयाबीनला बहुधा जमणार नाही, पण तुरीला जमवा.

कंपनीच्या स्वतःच्या मालाला मर्यादा घाला आणि ती ठरावात लिहून घ्या. मी असतो तर न विकलेला माल कधीही दोन ट्रकच्या वर जाऊ दिला नसता. प्लांटशी सकाळी भाव बांधायचा, त्यातून भाडं, हमाली, तूट आणि आपला खर्च वजा करून शेतकऱ्याला भाव सांगायचा, तेवढाच माल घ्यायचा, संध्याकाळी वही जुळवायची, किती घेतला किती विकला. एलेव्हेटरमध्येही रोज संध्याकाळी हीच वही पाहतात, फक्त त्यांच्याकडं वायद्याचा एक रकाना जास्त असतो.

---

अडतदुकान_कारंजा

अन् जानेवारीत तूर येते हे इसरू नका. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव ८००० हाय, क्विंटलामागं पैसा जास्त गुततो अन् जागा तेवढीच लागते. गोदाम सोयाबीननं भरून ठेवलं तं तूर कुठं घेसान? मंग मार्चात हरभरा. गोदाम जेवढ्यांदा खाली होऊन भरलं तेवढी कंपनीची कमाई. प्लांटवाल्याची पेमेंटची मुदत मात्र आदीच लिहून घ्या, नवीन पार्टी असन तं पयली गाडी पैसे आल्याबिगर खाली करू देऊ नका.

---

मंगरुळपीर_खरेदी

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी संचालकांची मीटिंग लावली आहे. ठराव असा मांडतोय, कंपनीच्या नावावर दोन ट्रकच्या वर न विकलेला माल नाही, डागी माल त्याच आठवड्यात बाहेर, आणि अर्धं गोदाम सभासदांना भाड्यानं ठेवायला. हवेचा तक्ता ११ पासून १८ पर्यंत आज रात्री बनवतो, १२ पर्यंत कटती शून्य. ग्रेडर भाऊ, १८ च्या वरचा माल घ्यायचाच नाही का वाळवून आणा म्हणायचं? उद्या सकाळी सातला दोन ट्रॅक्टर येणार आहेत, दोन्ही ओले आहेत असं ऐकतोय.

---

गोदाम_ग्रेडर

परत पाठवू नका, वाटेत खासगीवाला टक्क्याला दोन किलो कापून घेईल. तुमच्या अंगणात ताडपत्री टाकून द्या, दोन उन्हं खाऊ द्या, पातळ पसरा आणि दिवसातून तीन-चारदा खालीवर करायला सांगा. पोती मोजून त्याच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवा, वजन वाळल्यावर करा.