रेडिओवर चोवीस तास शास्त्रीय, पण त्यात इंदूर कुठंय?

रामबागवाला: 2016 च्या 26 जानेवारीपासून बंगळूरहून आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची वाहिनी ‘रागम्’ चालू आहे. हिंदुस्थानी, कर्नाटक, दिवसरात्र. तरी मी म्हणतो, रेडिओवरचं शास्त्रीय संगीत आटलं. 1952 पासून शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, तो मोठ्या कलाकारांचा. पण मालवा हाउसमधून, म्हणजे आपल्या इंदूर आकाशवाणीवरून, आपल्याच गल्लीतली सून गायची, तेव्हा “तबले पर संगत कर रहे हैं...” ऐकायला शेजारीपाजारी आमच्या ओसरीवर. त्या सुनेला आज कोण विचारतं?

कोमलरिषभ: काका, गोड आठवणींवर धोरण ठरवू नका. केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना कात्री लागली, लोकांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली, शेवटी 1957 मध्ये सरकारलाच गाण्यांसाठी विविध भारती काढावी लागली! 1940 पासून तीसेक वर्षं तर आकाशवाणीवर पेटीलाच बंदी, का तर ती मिंड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, काढत नाही. तुमच्या पिढीनं शास्त्रीय ऐकलं कारण घरात दुसरं काही लागतच नव्हतं.

रामबागवाला: लागत नव्हतं कसं? सिलोन तूच म्हणालास ना आत्ता? आणि आपल्या इंदूरच्या गायक अमीर खाँसाहेबांचं जे आज तू फुकटात ऐकतोस, त्यातलं कितीतरी आकाशवाणीनंच टेप करून ठेवलेलं आहे.

कोमलरिषभ: ठेवलं, हे कबूल. पण झुमरा तालातला अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, ख्याल रेडिओच्या अर्ध्या तासात बसवायचा म्हणजे काय? बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, रंगात येते न येते तोच घड्याळाकडं बघायचं. इंटरनेटवर निदान पूर्ण मैफल मिळते.

बीहायवाली: दोघांनाही सांगते. ऑडिशन देऊन आकाशवाणीची बी-हाय श्रेणी मिळवली होती मी. स्टुडिओत लाल दिवा लागला की समोर श्रोता नाही, दाद नाही, काचेपलीकडं फक्त ड्यूटीवरचे साहेब. त्या अर्ध्या तासानं पाल्हाळ सुटला माझा. कोमलरिषभ, तुझ्या वयाची पोरं एक बंदिश मांडायला चाळीस मिनिटं घेतात, राग मानू नकोस. आणि भाऊ, ओसरी भरायची म्हणता, पण माझ्या सासरी त्या वेळी क्रिकेटची कॉमेंट्री लागलेली असे.

रामबागवाला: ताई, तेवढं चालायचंच. माझी मागणी साधी आहे: आठवड्यातून एक तास इंदूर-देवास-उज्जैनच्या कलाकारांना द्या, थेट प्रक्षेपण, नावं आधी जाहीर करून. 2001 पासून खासगी एफएम इथं आहे, त्यांनीही द्यावा.

कोमलरिषभ: खासगीवाले जाहिरात मिळाली तर उद्या देतील. पण निवड कोण करणार? पुन्हा तीच ऑडिशन कमिटी?

बीहायवाली: कमिटी असू दे रे. मानधनाचं काय ते आधी बोला.