एकच वाहिनी होती हो!

टीव्ही बघण्याबद्दल 'आमच्या पिढीची आवड एक होती, आताची पोरं विखुरलेली' असं इथल्या चर्चेत दोघा-तिघांनी लिहिलंय. अर्धंच पटलं. आवड कसली, पर्यायच नव्हता! मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं घराघरात तेच. 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम शहरातली मंडळीही बघायची, ते शेतीच्या ओढीने नव्हे, पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत. प्रक्षेपण खंडित झाल्यावर लागणारी 'व्यत्यय'ची पाटीसुद्धा बघत बसायचो!

आणि 'आमची पिढी' म्हणजे नक्की कोण? १९९२ मध्ये झी टीव्ही ही खासगी वाहिनी आली. तेव्हा कॉलेजात असलेला ताई-दादा आणि पाळण्यातलं भावंड यांचं टीव्हीविश्वच वेगळं. एका घरात दोन पिढ्या झाल्या की.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा लागलं तेव्हा आमच्याकडे आजी आणि नात शेजारी बसून बघायच्या. आजी हात जोडून. नात बाणांच्या टकरी बघून खदखदून हसत, मीम करून मैत्रिणींना पाठवत. आजी चिडली नाही, उलट मीम दाखव म्हणाली. चिडलो आम्ही मधलेच. कुणाकडे वेगळं घडलं का?