गगनयानाचा पैसा आणि काटोलचा गहू

नकाशेवाला, त्रिमूर्तीनगर
काल आपल्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "गगनयानाला वीस हजार कोटी आणि सरकारी दवाखान्यात खाट नाही. आधी पोट भरा, मग आकाश." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो. माणसाला अंतराळात पाठवायच्या या मोहिमेचे २०,१९३ कोटी हे एका वर्षाचे नाहीत, आणि अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाचा खर्चही त्यातच धरलाय. २०२४-२५ मध्ये अंतराळ विभागाला साधारण १३ हजार कोटी मिळाले, देशाचा अर्थसंकल्प ४८ लाख कोटींचा होता. शंभर रुपयांत तीस पैसेही नाहीत! १९९९ च्या ओडिशाच्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलिन वादळात तिथेच आकडा पन्नासच्या आत राहिला. वरून नजर होती म्हणून. मी तीस वर्षं नागपुरात बसून उपग्रहाच्या चित्रांवरून विहिरींच्या जागा शोधल्या. याला चैन म्हटलेलं मला सहन होत नाही.

मीनल, पांडे लेआउट
काका, १९९९ मध्येही हवामान बघणारा इन्सॅट उपग्रह वर होताच. वादळ येतंय हे माहीत होतं. फरक पडला तो निवाऱ्यांमुळे आणि लाखो लोकांना आधीच हलवल्यामुळे. आणि हवामानाच्या उपग्रहाला विरोध करतंय कोण? प्रश्न माणूस वर पाठवण्याचा आहे. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

कोराडी रोड
धोक्याचं कुणीच बोलत नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये श्रीहरिकोट्यात घन इंधनाच्या आगीत सहा जण गेले. २०२२ च्या गुढीपाडव्याला आम्ही गच्चीवर होतो, आकाशात पेटते पट्टे गेले, पोरं ओरडत खाली पळाली. त्याच रात्री सिंदेवाहीच्या लाडबोरीत रॉकेटचं भलं मोठं कडं पडलं. चिनी असेल, पण पडलं आपल्याच विदर्भात.

संत्रावाला, काटोल
माह्यं बोलू द्या भाऊ. माह्या वावरात साडेतीन एकर गहू होता. फेब्रुवारीत गारपीट झाली. गहू असा झोपला, जशी कोणी चटई अंथरली. ओंबी दाबली त दाण्यातला चीक बोटाले लागे. बहात्तर तासाच्या आत कळवलं, तो मेसेज अजून मोबाईलमध्ये हाय. विम्याचा माणूस अकराव्या दिवशी आला, बांधावरून खाली उतरलाच नाही. मोबाईल दाखवून म्हणे, वरच्या चित्रात तुमचं शेत हिरवं दिसून राहिलं. झोपलेला गहू वरून हिरवाच दिसन ना! मंग हा उपग्रह माह्या कोणत्या कामाचा?

चांद्रयान, सदर
विषय काय, बोलताय काय? ६१५ कोटींत चांद्रयान-३ उतरवलं आपण. काही चांगलं झालं की कुणी ना कुणी शेतकऱ्याला पुढे करतंच.

संत्रावाला, काटोल
मले कोणी पुढे नाही केलं, मी स्वतः आलो. चांद्रयान उतरलं त्या २३ ऑगस्टले माह्या गावातही ढोल वाजले, नारळ मीच फोडला. म्हणूनच इचारून राहिलो. तुमचा गहू गेला नाही, तुम्ही चूप बसा.

मीनल, पांडे लेआउट
सदरवाले, त्यांची माफी मागा.

नकाशेवाला, त्रिमूर्तीनगर
काटोलवाले भाऊ, लिहायला जड जातंय, पण तुमचं बरोबर आहे. साध्या चित्रात रंग दिसतो, पीक उभं की आडवं ते नाही. ते रडारच्या चित्रावरून ओळखता येतं, ढगाआडूनही. तसला रडारवाला उपग्रह, ईओएस-०४, २०२२ पासून वर आहे. दुसरा, ईओएस-०९, १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही रॉकेटचा तिसरा टप्पा बिघडल्यानं गेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण बांधावरून खाली न उतरणाऱ्याची चूक उपग्रहाच्या माथी मारू नका. मीनल, ओडिशाचं तुझं अर्धंच मान्य. वादळ कुठे धडकणार हे कळल्याशिवाय लोक हलवायचे कुठून?

मीनल, पांडे लेआउट
मग ईओएस-०९ सारखा दुसरा बनवायला आधी पैसा द्या, माणूस नंतर वर जाईल. कालपासून एवढंच तर सांगतेय.

चांद्रयान, सदर
काटोलवाले, शब्द चुकला माझा. मुद्दा मात्र सोडत नाही.

संत्रावाला, काटोल
काका, रविवारी या. गट नंबर पाठवतो, फोटो तारखेसकट ठेवले हायेत. ते रडारचं चित्र कसं पाहतात ते मले समजावून सांगा. गगनयानाचं अजून पटलं नाही, ते वावरात बसून बोलू.