बावीस वर्षांनी जुना क्लॅरिनेटवाला मित्र येतोय, ठरलेली गाणी पुन्हा कशी बसवावीत?

कॅम्पातला_ट्रॉम्बोन:
नमस्कार मंडळी. आमचा जुन्या न्यू ऑर्लिन्स पद्धतीचा जॅझ बँड आहे, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन (मी), पियानो, बँजो, डबल बेस आणि ड्रम्स, दर रविवारी सकाळी कॅम्पात एका मित्राच्या घरी बसतो. आमचा क्लॅरिनेटवाला २००३ मध्ये मुलीकडे परदेशात गेला तो तिकडचाच झाला. आता डिसेंबरात तीन आठवडे पुण्यात येतोय आणि फोनवर पहिलं वाक्य हेच, की आपली जुनी सगळी वाजवायची, सेंट लुई ब्लूज, टायगर रॅग, आणि हाय सोसायटी तर पाहिजेच.

अडचण अशी आहे की तो गेल्यावर आम्ही दुसरा क्लॅरिनेट घेतलाच नाही. त्याची रिकामी जागा हळूहळू ट्रम्पेटने भरली, थोडी मी भरली, आता ती सवय हाडात मुरलीय. त्यात तो ६९ वर्षांचा, म्हणतो दम पूर्वीसारखा नाही. त्याला पाहुण्यासारखं एका सोलोपुरतं उभं करणं मला मान्य नाही. काय करावं?

सदाशिवपेठी_श्रोता:
मी वाजवत नाही, फक्त ऐकतो, सवाईला लहानपणापासून जातोय. पण बंदिश तीच असते आणि सोबत कोण बसलंय त्यावर मैफल बदलते हे तर आपल्याला माहितीये ना. २००३ चं वाजवणं परत आणायच्या मागे लागू नका, तुम्ही पण बावीस वर्षांनी वेगळे झालाय आणि तो पण. जरा अवांतर, पण आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, मुंबईतल्या चिक चॉकलेटसारख्या ट्रम्पेटवाल्याला हाताशी धरून केलेलं काम ऐका. हे संगीत आपल्याकडे कधीच परकं नव्हतं, तेव्हा घरच्या बैठकीला शेजारीपाजारी पण बोलवा.

बी_फ्लॅट_वारजे:
काका, मी क्लॅरिनेट वाजवते म्हणून लिहितेय. तुमचा प्रश्न क्लॅरिनेटचा नाहीये, ट्रम्पेटचा आहे. जुन्या जॅझमधल्या किंग ऑलिव्हरच्या बँडची १९२३ ची रेकॉर्डिंग्ज काढून ऐका, तिथे ऑलिव्हर आणि लुई आर्मस्ट्राँग असे दोन दोन कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) आहेत तरी वरती जॉनी डॉड्सचा क्लॅरिनेट मोकळा फिरतो, कारण मूळ चाल एकजण सरळ धरून ठेवतो. तुमच्या ट्रम्पेटवाल्यांना आत्तापासूनच चाल साधी वाजवायला सांगा, मुरक्या नकोत, आणि तुम्ही खालून सूर घसरवत एका कोरसमधून, म्हणजे चालीच्या एका आवर्तनातून, पुढच्यात न्यायचं तेवढंच काम करा. क्लॅरिनेटची मोकळी जागा आपोआप दिसायला लागेल.

दमाचं म्हणाल तर त्यांना सगळं वरच्या पट्टीत वाजवायला लावू नका. १९२८ चं आर्मस्ट्राँगचं वेस्ट एंड ब्लूज घ्या, त्यात क्लॅरिनेट खालच्या जाड आवाजात एक ओळ म्हणतो आणि आर्मस्ट्राँग शब्दांशिवाय नुसत्या आवाजात उत्तर देतो. दोन जुन्या मित्रांसाठी याहून चांगली रचना मला तरी माहीत नाही. आणि रीड, म्हणजे तोंडाशी लावायची ती पातळ पट्टी, हलकी घ्या म्हणावं, तीन नंबरऐवजी अडीच, डिसेंबरात पुण्याची हवा कोरडी असते तर चार-पाच रीड्स आधीपासून वाजवून तयार ठेवायला सांगा.

हाय सोसायटीमधला क्लॅरिनेटचा तो प्रसिद्ध सोलो मुळात पिकोलोसाठी, म्हणजे छोट्या बासरीसाठी लिहिलेला, क्लॅरिनेटवर आणण्याचं श्रेय जुन्या क्लॅरिनेटवाल्या आल्फॉन्स पिकूला देतात. आम्ही सगळे तो शिकतोच. त्यांना तोच हवाय म्हणजे बोटांत अजून आहे, नाही म्हणू नका.

कॅम्पातला_ट्रॉम्बोन:
हे वाचून ट्रम्पेटवाल्याला फोन केला, तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला बरोबर आहे. हाय सोसायटीची लय थोडी उतरवू का, त्याला सोपं जाईल?

कोंढवा_ड्रमर:
फार उतरवू नका दादा!! ते मुळात मार्च आहे, पाय उचलले गेले पाहिजेत, आणि लय खाली गेली की एका श्वासात धरायची ओळ लांबते, म्हणजे दम उलट जास्त लागतो. त्यापेक्षा त्याच्या सोलोला मागच्या सगळ्यांनी आवाज कमी करायचा, बँजो बंद, ड्रम्सवर काठ्यांऐवजी फक्त ब्रश, बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. मोठ्याने वाजवणाऱ्यांच्या वर चढायला लागतं तेव्हाच माणूस खरा थकतो. सेंट लुई ब्लूजमध्ये मधला सोळा बारचा (म्हणजे सोळा मापांचा) मायनर सुरांतला तुकडा आहे ना, हबानेरा या क्यूबन लयीतला, तो अख्खा त्याला द्या. टायगर रॅगला वेगवेगळे भाग खूप आहेत, एका तालमीत बसणार नाही, वेळ नसेल तर सोडून द्या.

बी_फ्लॅट_वारजे:
ड्रमर दादांचं लयीबद्दल पटलं. टायगर रॅग मात्र सोडू नका, त्यांनी नाव घेऊन मागितलंय. आत्तापासून तुम्ही सहा जण भाग पाठ करा, ते आले की फक्त मिसळतील.

कॅम्पातला_ट्रॉम्बोन:
कालच्या रविवारी क्लॅरिनेट नसतानाच तसं वाजवून बघितलं, ट्रम्पेट एकदम साधा, मी खाली. सेंट लुई ब्लूजमध्ये त्या सोळा बारला आम्ही सगळ्यांनी आवाज खाली आणला आणि वरती कोणीच नव्हतं. पियानोवाल्याने मान वर करून आमच्या क्लॅरिनेटवाल्याच्या जुन्या खुर्चीकडे बघितलं. त्याला रेकॉर्डिंग पाठवलंय, रात्री उत्तर आलं, रीडचा डबा मागवला, अडीचचाच.