'सर्वात कमी' म्हणजे कोणात कमी? इजारदार, निविदा, देकार

प्रश्न
आम्ही वडोदऱ्याचे, घरात मराठी पण कामाचं सगळं गुजरातीत. इथे कॉर्पोरेशनच्या कागदात कॉन्ट्रॅक्टरला 'इजारदार' लिहितात, पुण्याची चुलत बहीण म्हणते कंत्राटदार म्हण, आजी मक्तेदार म्हणायची. यातलं बरोबर कुठलं? आणि 'लोएस्ट रिस्पॉन्सिव्ह अँड रिस्पॉन्सिबल बिडर' मराठीत कसं लिहायचं? मी 'सर्वात कमी दराचा जबाबदार निविदाकार' लिहिलं तर सरांनी त्याला लाल गोल केला.

उत्तर
अगं तिन्ही शब्द पाहुणेच, इजारा आणि मक्ता अरबीतून आलेत, कंत्राट पोर्तुगीजांकडून, लिलावसुद्धा त्यांचाच. पण अर्थात फरक आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. इजारा किंवा मक्ता म्हणजे सरकारला ठराविक रक्कम द्यायची आणि मग नाक्याचं, बाजाराचं उत्पन्न आपण वसूल करायचं, म्हणजे पैसा माणसाकडून सरकारकडे जातो, म्हणून जो जास्त देईल त्याला मक्ता. रस्ता बांधायचा तर पैसा उलटा वाहतो, तिथे जो कमी मागेल त्याला काम. त्यामुळे रस्तेवाल्याला इजारदार म्हणताना शब्द जुना राहिला पण दिशा बदलली. पे अँड पार्कला मात्र आजही जास्त बोलीवालाच जिंकतो, तिथे तो शब्द चपखल बसतो. आजीचा मक्तेदार आता 'मक्तेदारी'त अडकलाय, नको वापरूस.

आणि आपल्याकडे 'टेंडर बाहेर पाडलं' म्हणतात ना, ते गुजरातीतून आलंय, पुण्यात टेंडर काढतात. मला आपलंच आवडतं, लिहिताना फक्त 'निविदा मागवल्या'.

दुसरं उत्तर
सरांचा लाल गोल बरोबर आहे. ही शब्दरचना अमेरिकेतल्या शहरं आणि काउंट्यांच्या खरेदी-नियमांतली, त्यात रिस्पॉन्सिव्ह हा शब्द कागदाला आहे आणि रिस्पॉन्सिबल माणसाला. कागद मागितल्याप्रमाणे पूर्ण आहे का, अनामत जोडली का, सह्या आहेत का, वेळेत आला का हे पहिलं. माणसाकडे अनुभव, यंत्रं, पैसा आहे का, आधीची कामं नीट केली का हे दुसरं. दोन्हीला 'जबाबदार' म्हटलं की सगळा घोळ.

आपल्याकडे दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत आधी टेक्निकल बिड खुलतं, त्यात जो नापास त्याचं प्राइस बिड खोलतच नाहीत. म्हणजे समजा ५० लाखांचा अंदाज, एक ६ टक्के कमी म्हणजे ४७ लाख, दुसरा ४ टक्के जास्त म्हणजे ५२ लाख, आणि तिसऱ्याचा लिफाफा बंदच राहिला, तर ४७ वाला एल-१, म्हणजे उघडलेल्यांत सर्वात कमी दराचा. तिसऱ्याने ४१ भरले असतील तरी ते कोणाला कळणार नाही. म्हणून 'सर्वात कमी' एवढंच लिहिणं मला अर्धवट वाटतं, कोणात कमी ते आलंच पाहिजे.

माझ्या मामांनी एका सरकारी खात्यात फर्निचरचं टेंडर भरलं होतं, अनामतीचा ड्राफ्ट चुकीच्या पदनामाने निघाला आणि टेक्निकललाच बाद झाले. पोळातले, म्हणजे आमच्या गल्लीतले, सगळे म्हणत राहिले की यांचा दर जास्त असणार. दर तर कोणी बघितलाच नव्हता हो! ते मामांना शेवटपर्यंत लागून राहिलं.

तिसरं उत्तर
ताई, एक भर घालतो. वडोदरा आणि पुणे दोन्हीकडचा महापालिका कायदा मुळात एकच, १९४९ चा बॉम्बे प्रोव्हिन्शियल, त्यात आयुक्त कुठलीही निविदा घ्यायला बांधील नाहीत, सगळं बघून जी सर्वात फायदेशीर ती घ्यायची असा भाव आहे. फायदेशीर, स्वस्त नाही. स्थायी समितीत गुजरातेत १२ जण, महाराष्ट्रात १६, मोठी कामं त्यांच्यापुढेच जातात. आणि 'ऑफर'साठी सरकारी मराठीत 'देकार' असा छान शब्द आहे, निविदा हा पूर्ण कागद आणि देकार म्हणजे त्यात आपण देऊ केलेलं. सयाजीरावांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांचा कोश छापवला त्या गावात आपण राहतो, शब्द नीट निवडायलाच हवेत.

प्रश्नकर्ती
खूप आभार सगळ्यांचे. मग असं लिहिते: 'अटींत बसणाऱ्या निविदांपैकी सर्वात कमी देकार असलेला सक्षम निविदाकार'. लांब झालंय पण कोणात कमी ते आलं ना?

दुसरं उत्तर देणारी
आलं. लांबच राहू दे.